रोजची एक चवली: घरातली चिल्लर बँकेत कशी पोचली?

ऐकण्यापेक्षा वाचायला ज्यांना बरं वाटतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोललो तसंच ठेवलंय, त्यामुळे भाषा थोडी गप्पांची आहे.

आजचा विषय आहे चिल्लर. सुट्टे पैसे. आजी-आजोबांच्या भाषेत ‘मोड’. आणि ही चिल्लर घरात साठवायची सवय.

सुरुवात एका शब्दापासून करू. महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या बाजारपेठेत संध्याकाळी जरा थांबा. खांद्याला बॅग आणि हातात छोटं मशीन घेतलेला एक माणूस दुकानादुकानात जाताना दिसेल. पानवाला, टेलर, भाजीवाल्या मावशी, सगळे त्याला पन्नास, शंभर असे पैसे देतात. तो पावती फाडतो आणि पुढे जातो. त्याला आपण म्हणतो ‘पिग्मीवाला’.

आता हा शब्द आला कुठून? इंग्रजीत पिग्मी म्हणजे ठेंगणं, अगदी छोटं. पण आपल्या बाजारात तो इंग्रजीतून थेट आलेला नाही. तो आलाय उडुपीहून. होय, जिथून मसाला डोसा आला असं आपण म्हणतो, त्याच उडुपीहून. त्याच्या मागे जवळजवळ शंभर वर्षांची गोष्ट आहे.

आधी जरा नाण्यांचा हिशोब

ही गोष्ट कळायला जुनी नाणी माहीत हवीत. 1957 च्या आधी रुपयाचे शंभर पैसे नव्हते. एक रुपया म्हणजे 16 आणे. एक आणा म्हणजे 4 पैसे. म्हणजे रुपयाचे 64 पैसे. आणि एका पैशाच्या आणखी 3 पै. म्हणजे एका रुपयात 192 पै!

मराठीत प्रत्येक नाण्याला लाडकं नाव होतं. आठ आणे म्हणजे अधेली. चार आणे म्हणजे पावली, रुपयाचा पाव भाग. आणि दोन आणे म्हणजे चवली, रुपयाचा आठवा भाग. ‘सोळा आणे खरं’ आपण आजही म्हणतो, पण तो सोळा या रुपयातून आलाय हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

ही चवली लक्षात ठेवा. आजची हिरॉईन तीच आहे.

गल्ला भरतो, पण टिकत नाही

घरात चिल्लर ठेवायच्या जागा आपल्या सगळ्यांना माहीत आहेत. मातीचा गल्ला, डाळीच्या डब्याचा तळ, लुगड्याची घडी, देव्हाऱ्यामागची पुरचुंडी. यातल्या बहुतेक जागा बायकांच्या, काही पोरांच्या. म्हणजे ज्यांच्या हातात मोठी रक्कम कधी येतच नाही, त्यांच्या.

‘थेंबे थेंबे तळे साचे’ ही म्हण शाळेच्या भिंतीवर असते. पण ती म्हण अर्धीच गोष्ट सांगते. तळं साचायला थेंब लागतात, तशीच गळती नसलेली जमीन लागते. आणि घर ही गळकी जमीन आहे. पाहुणे आले, काढ दोन आणे. पोराला ताप आला, फोड गल्ला. नवऱ्याला कळलं, संपला विषय. पैसे वाचवता येत नाहीत असं नसतं. वाचवलेले पैसे घरात राहत नाहीत.

म्हणजे प्रश्न असा आहे: चिल्लर घराबाहेर न्यायची कोणी? आणि ठेवायची कुठे?

सरकारने याचं एक उत्तर 1882 साली दिलं. त्या वर्षी भारतात पोस्ट ऑफिस सेव्हिंग्ज बँक सुरू झाली. कल्पना उत्तम होती. टपाल कचेरी गावोगाव पोचत होती, मागे सरकारची हमी होती. पण एक गोष्ट बघा. कचेरीत जावं लागायचं. कामाचे तास बुडवून, रांगेत उभं राहून, कागदावर सही किंवा अंगठा करून. मोठी रक्कम असेल तर माणूस जाईल. पण रोजच्या दोन आण्यांसाठी? दिवसभर मागावर बसलेला विणकर दोन आणे भरायला कामाचा तास मोडेल का? नाही मोडणार. ते दोन आणे घरातच राहणार, आणि घरातून जाणार.

उडुपी, 1925

आता जाऊया उडुपीला. हे गाव तेव्हा मद्रास इलाख्यातल्या दक्षिण कानडा जिल्ह्यात होतं. तिथला हातमागाचा धंदा अडचणीत आला होता. विणकरांना भांडवल हवं होतं आणि ते द्यायला कोणी तयार नव्हतं.

1925 साली तिघं जण एकत्र आले. डॉ. तोन्से माधव अनंत पै हे डॉक्टर. त्यांचे भाऊ उपेंद्र अनंत पै हे व्यापारी. आणि वामन श्रीनिवास कुडवा हे इंजिनियर. त्यांनी 8,000 रुपयांच्या भांडवलावर एक संस्था काढली. नाव भारदस्त होतं: ‘कॅनरा इंडस्ट्रियल अँड बँकिंग सिंडिकेट’. पुढे हीच झाली सिंडिकेट बँक.

विणकरांना कर्ज द्यायचं तर आधी ठेवी हव्यात. पण ठेवी देणार कोण? मोठे व्यापारी मोठ्या बँकांकडे जाणार. उरले कोण? गावातले साधे लोक, ज्यांच्याकडे होती ती चिल्लर.

1928 साली त्यांनी पिग्मी डिपॉझिट योजना सुरू केली. योजना इतकी साधी की एका ओळीत सांगता येते. बँकेचा माणूस रोज तुमच्या दारात येणार, तुम्ही त्याच्याकडे अगदी दोन आणेसुद्धा देऊ शकता, आणि तो ते तुमच्या नावावर जमा करणार.

दोन आणे. म्हणजे आपली चवली!

यात नवीन काय होतं? दोन आणे आधीही होते. बचतीची इच्छा होती. बँकाही होत्या. नवीन होती ती दिशा. तोपर्यंत माणसाने बँकेकडे जायचं असा नियम होता. इथे बँक माणसाकडे आली. आणि नुसती आली नाही, रोज आली.

हिशोब करून बघा. रोज दोन आणे म्हणजे तीस दिवसांत 60 आणे, म्हणजे 3 रुपये 12 आणे. वर्षाचे 365 दिवस धरले तर 730 आणे, म्हणजे 45 रुपये 10 आणे. गल्ल्यात चवली पडते तेव्हा ती चवलीच राहते. बाकी शेकडो घरांच्या चवल्यांबरोबर पडते तेव्हा ती कोणाच्या तरी मागाचं सूत होते.

चिल्लर घरात अडकली की काय होतं?

तुम्ही म्हणाल, ठीक आहे, पण माझी चिल्लर माझ्या डब्यात राहिली तर जगाचं काय बिघडलं? एकट्याने ठेवली तर काहीच नाही. सगळ्यांनी ठेवली तर मात्र बाजार अडतो. हे दुसऱ्या महायुद्धात दिसलं.

युद्धाच्या काळात धातू महाग झाला, लोकांचा नोटांवरचा विश्वास डळमळला. ज्याच्या हातात नाणं येईल, तो ते घरात ठेवू लागला. 1940 साली सरकारने रुपयाच्या नाण्यातली चांदी कमी केली आणि एक रुपयाची कागदी नोट पुन्हा बाजारात आणली. गरजेपेक्षा जास्त नाणी जमवणं हा गुन्हासुद्धा ठरवला गेला. म्हणजे विचार करा, घरात चिल्लर साठवली म्हणून पोलीस येऊ शकत होते!

छोट्या नाण्यांची टंचाई मग आणखी वाढली. 1943 साली सरकारने मधे भोक असलेला ब्राँझचा पैसा काढला. धातू कमी लागावा म्हणून. आपल्याकडे जुन्या डब्यांत अजूनही तो सापडतो, ‘भोकाचा पैसा’. पुष्कळ घरांत तो गंमत म्हणून जपलेला असतो. खरं तर ती टंचाईची खूण आहे.

चवलीचे अर्धे पैसे गेले कुठे?

पुढचा धक्का आला 1 एप्रिल 1957 ला. त्या दिवसापासून दशमान पद्धत लागू झाली. रुपयाचे 100 नवे पैसे झाले. (‘नवे’ हा शब्द 1964 साली गळला.) हिशोब सोपा झाला, शाळेतल्या पोरांनी सुटकेचा श्वास सोडला असेल.

पण चवलीचं काय झालं बघा. 16 आण्यांचे 100 नवे पैसे, तर 2 आण्यांचे किती? साडेबारा. आता अर्ध्या नव्या पैशाचं नाणंच नव्हतं. म्हणून कोष्टकात ठरलं: दोन आण्यांचे 12 नवे पैसे.

म्हणजे आठ चवल्या एकदम दिल्या तर पूर्ण रुपया, 100 नवे पैसे. पण त्याच आठ चवल्या एकेक करून मोडल्या तर 96 नवे पैसे! चार नवे पैसे हवेत गेले. ज्याच्याकडे पुरा रुपया होता, त्याचं काहीच गेलं नाही. ज्याच्याकडे सुट्टे होते, त्याच्या हातून थोडं थोडं निसटलं. रक्कम फार छोटी आहे, मान्य. पण चिल्लर एकटी असली की तिचं नुकसान कसं होतं, ते इथे स्वच्छ दिसतं.

हेच पुढे 2011 साली वेगळ्या तऱ्हेने झालं. 30 जून 2011 पासून 25 पैसे आणि त्याखालची सगळी नाणी चलनातून बाद झाली. त्याआधी बँकेत बदलून घ्यायची मुदत होती. ज्यांनी नेली, त्यांना रुपये मिळाले. ज्यांच्या गल्ल्यात पडून राहिली, त्यांच्या हाती उरला धातू. पावलीचा प्रवास तिथे संपला. 50 पैशांचं नाणं मात्र कायद्याने अजून चालतं, दुकानदार कितीही नाक मुरडू दे.

पिग्मी महाराष्ट्रात रुळली

इकडे सिंडिकेट बँक वाढत गेली. 19 जुलै 1969 ला ज्या 14 बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, त्यात तीही होती. 1 एप्रिल 2020 ला ती कॅनरा बँकेत विलीन झाली. नाव गेलं, पण तिने काढलेला शब्द राहिला.

कारण पिग्मी ही कल्पना दुसऱ्या बँकांनी, आणि आपल्याकडे विशेष करून सहकारी पतसंस्थांनी उचलली. महाराष्ट्रात गावोगाव पतपेढ्या उघडल्या आणि प्रत्येकीचे पिग्मी एजंट बाजारात फिरू लागले. हळूहळू ‘पिग्मी’ हे कुणा एका बँकेच्या योजनेचं नाव राहिलं नाही. ‘रोजची पिग्मी भरली का?’ हे मराठी वाक्य झालं.

पण इथे दोन प्रश्न उभे राहिले, आणि दोन्ही महत्त्वाचे आहेत.

पहिला प्रश्न दारात येणाऱ्या माणसाचा. उन्हातान्हात, पावसात रोज शे-दीडशे दारं फिरणारा हा माणूस बँकेचा कोण? पगार नाही, फक्त जमा रकमेवर कमिशन. बँका म्हणायच्या, हे आमचे कर्मचारी नाहीत, स्वतंत्र एजंट आहेत. हा वाद औद्योगिक न्यायाधिकरणापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 2001 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हे ठेव गोळा करणारे लोक कायद्याच्या अर्थाने कामगारच आहेत आणि त्यांचं कमिशन हे वेतन आहे. आज फूड डिलिव्हरी करणाऱ्या मुलांबद्दल जो वाद चालू आहे ना, ‘कर्मचारी की पार्टनर?’, तो या लोकांनी कितीतरी आधी लढलाय.

दुसरा प्रश्न पैशाच्या सुरक्षिततेचा. बँक बुडाली तर ठेवीदाराला संरक्षण हवं म्हणून आपल्याकडे 1962 पासून ठेव विमा सुरू झाला. तेव्हा मर्यादा होती 1,500 रुपये. फेब्रुवारी 2020 पासून ती 5 लाख रुपये आहे. हा विमा व्यापारी बँकांना आणि सहकारी बँकांना लागू आहे. पतसंस्थांना नाही. पुन्हा सांगतो, कारण हे फार जणांना माहीत नसतं: सहकारी बँक वेगळी आणि सहकारी पतसंस्था वेगळी. दोघींच्या पाटीवर ‘सहकारी’ असतं, दोघींचे एजंट दारात येतात. पण एकीच्या ठेवीवर हा विमा आहे, दुसरीच्या नाही. महाराष्ट्रात पतसंस्था बुडाल्या तेव्हा ज्यांचे पैसे अडकले, त्यांत रोज पिग्मी भरणारे पुष्कळ होते. रोज वीस-वीस रुपये टाकणाऱ्या मावशींना हा फरक कोणी समजावून सांगितला असेल?

व्याज उणे, तरी लोक पैसे देतात

आता एक थक्क करणारा हिशोब. स्टुअर्ट रदरफोर्ड हे गरिबांच्या पैशांचा अभ्यास करणारे लेखक. त्यांनी 2000 साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात विजयवाड्याच्या झोपडपट्टीतल्या एका बाईंबद्दल लिहिलंय. या बाई घरोघर फिरून बचत गोळा करायच्या. प्रत्येकीला एक कार्ड, त्यावर 220 चौकोन. एका चौकोनाला 5 रुपये. 220 चौकोन भरले की 1,100 रुपये जमा. मग बाई त्यातले 1,000 परत द्यायच्या आणि 100 रुपये स्वतःची मजुरी म्हणून ठेवायच्या.

म्हणजे व्याज मिळणं सोडाच, उलट द्यावं लागत होतं. सरासरी शिल्लक 550 धरली आणि 220 दिवसांचे 100 रुपये वर्षावर नेले, तर व्याजदर येतो साधारण उणे 30 टक्के!

पहिल्यांदा वाटतं, लोक वेडे आहेत का? अजिबात नाही. त्या बायकांना माहीत होतं की हेच पैसे डब्यात ठेवले तर 1,100 तले 1,000 सोडा, शंभरही उरणार नाहीत. शाळेची फी भरायच्या वेळी हातात एकरकमी हजार रुपये हवेत, तर कोणीतरी रोज दारात येऊन पाच रुपये मागायला हवेत. त्या शंभर रुपयांत त्या विकत घेत होत्या ती रोजची दारावरची थाप.

माझ्या मते या सगळ्या इतिहासाचं सार हेच आहे. चिल्लर वाचवणं अवघड नाही. अवघड आहे ती रोज घराबाहेर, विश्वासाच्या हाती जाणं. पै बंधू आणि कुडवांनी 1928 साली ओळखलं ते हे.

आणि आज?

आज आपल्या खिशात नाणी फारशी नसतात. 2016 साली यूपीआय आलं आणि चहाचे बारा रुपयेसुद्धा फोनवरून जाऊ लागले. गल्ला रिकामा झाला. पण चिल्लर गेली का? नाही, तिने रूप बदललं. काही अ‍ॅप तुमचा खर्च वरच्या आकड्याला नेतात. 87 रुपयांचा खर्च झाला की 90 धरतात, आणि वरचे 3 रुपये बचतीत किंवा डिजिटल सोन्यात टाकतात. कल्पना ओळखीची वाटते ना? ही पिग्मीच आहे. फक्त दारात येणारा माणूस नाही.

सोय आहे, नाकारत नाही. पण पिग्मीच्या शंभर वर्षांनी शिकवलेले तीन प्रश्न इथेही विचारा. एक: माझे पैसे नेतंय कोण, आणि गडबड झाली तर मी कोणाला गाठू? दोन: ते ठेवलेत कुठे? बँकेत, पतसंस्थेत, की सोन्यात? तीन: बुडालं तर हमी कोणाची? डिजिटल सोन्याबाबत सेबीने स्वतःच सांगितलंय की ते त्यांच्या नियमनाखाली येत नाही. तीन-तीन रुपये जाताना हे आठवत नाही. वर्षअखेरीला मोठा आकडा दिसतो तेव्हा आठवतं.

आणि घरात अजून नाण्यांचा डबा असेल, तर तो या आठवड्यात रिकामा करा. नाणी मोजा, बँकेत नेऊन खात्यात भरा. भोकाचा पैसा मिळाला तर मात्र तेवढा ठेवून द्या, आणि घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला विचारा, चवलीत काय काय यायचं. आम्हाला ते नक्की कळवा.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत, काळजी घ्या मंडळी!